सव्वादोनची टिपणे

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. किती वाजता दुखायला लागलं, किती वेळ, नेमकं कुठे, गोळी घेतली का. चार रकाने आखले. हयात हजेरीपत्रकं भरण्यात गेली, त्यामुळे आखणी झकास झाली. चौथ्याच दिवशी मजकूर रकान्याबाहेर.

*

२.१५. २.२०. २.१०. २.१५.

ही म्हणाली, "अहो, डोक्यात गजर लावून झोपता काय?"

*

याला खरंच गजराची डोकेदुखी म्हणतात. डॉक्टरी नाव हिप्निक. नील रास्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ साली सहा रुग्णांवरून ती पहिल्यांदा नोंदवली. बहुतेकांना पन्नाशीनंतर जडते, आणि येते ती फक्त झोपेत. दिवसा मी ठणठणीत. म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नव्हता. पित्त झालं, चष्म्याचा नंबर झाला, मोबाइल झाला. सुनेच्या मते मी पाणी कमी पितो. दुखण्याला नाव मिळालं त्या दिवशी मी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते.

*

आईची अर्धशिशी वेगळी. तिला अंधार लागायचा, आवाज नको असायचा. सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप, वरून पातळाचा तुकडा करकचून बांधलेला. लेप वाळला की भुवयांपाशी तडे जायचे आणि ती डोळे मिटूनच म्हणायची, "कोण आलंय रे?"

मला पडून राहवतच नाही. उठून स्वयंपाकघरात बसतो. परवा दिवा न लावता, रस्त्यावरच्या उजेडात मेथीची जुडी निवडली. सकाळी हिने त्यातून तीन गवताच्या काड्या काढून दाखवल्या.

*

शेवटच्या रकान्याने घात केला. महिन्याभरात एकोणीस दिवस गोळी. डॉक्टरांनी पेनाने मोजलं. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर घेत राहिलं तर तीच डोकं दुखवू लागते म्हणे. सदऱ्याच्या खिशातली पट्टी आता हिच्या डब्यात, हळदीच्या मागे.

*

त्यांनी विचारलेला एक प्रश्न मनात राहिला. "केस विंचरताना टाळू दुखते का? घास चावताना जबडा?" विंचरायला केस आहेत कुठे, असं म्हणणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसलो. कानशिलाजवळची रक्तवाहिनी सुजते, पन्नाशीनंतरच होतं, दुर्लक्ष केलं तर दृष्टी जाऊ शकते. रक्त तपासलं, डोक्याचं एमआरआय झालं. तसलं काही निघालं नाही. आपल्याकडे म्हातारपणी 'डोकं दुखतं' हे वाक्य कुणी पुरतं ऐकत नाही, सांगणाराही 'चालायचंच' म्हणून मोकळा होतो. हे मात्र चालायचं नाही.

*

घोरणं? घोरण्याने श्वास अडकत असेल तरी डोकं दुखतं. पण तेव्हा ते सकाळी उठताना. ही साक्षीला होतीच. "घोरतात, पण बेताने."

*

उपाय ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. झोपताना कपभर कडक कॉफी. बऱ्याच जणांना लागू पडते म्हणे, आणि या दुखण्याच्या माणसांची झोप सहसा तिने उडत नाही.

पहिल्या रात्री हिने कॉफी केली. सवयीने जायफळ किसून घातलं. झोप यावी म्हणून बाळांनाही उगाळून देतात ते जायफळ! एक घोट जागवणारा, एक निजवणारा. २.१५ ला दोघांपैकी कुणीच कामाला आलं नाही.

*

जायफळ बंद. पाच रात्रींत दोनदाच दुखलं, तेही अर्धा तास.

*

काल कॉफी घेऊन गाढ झोपलो होतो. सव्वादोनला ही उठून बसली आणि मला हलवलं. "अहो, दुखत नाही ना?"

पहिला रकाना: २.१५. दुसरा: शून्य. तिसरा: कुठेच नाही. चौथा: नाही.

मग दोघं पहिल्या लोकलचा आवाज येईपर्यंत जागेच.