आजीच्या पोटातलं बीज आणि पाण्याचा कॅन

ज्या बीजापासून मी जन्मले, ते माझ्या आजीच्या पोटात तयार झालं होतं. कारण मुलीच्या अंडाशयातली बीजं ती आईच्या गर्भात असतानाच बनतात. जन्माच्या वेळी ती १० ते २० लाख असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात. नवी भर पडत नाही.

हे मला कळलं ते भाचीमुळे. ती इथे बंगळुरूत वंध्यत्वावर उपचार घेत होती. बीजांचा साठा कमी आहे, असं कळताच नातेवाईक म्हणाले, "आजकालच्या मुलींना करिअर हवं, मग असंच होणार!" वयाचा वाटा मोठा असतो हे खरंच. पण सगळा दोष तिच्याच माथी का?

वाचताना १९९८ सालची एक गोष्ट सापडली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या स्त्रीबीजांमध्ये गुणसूत्रांचे दोष अचानक वाढले. शोध घेतल्यावर कळलं, की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या, कडक साबणाने धुतल्या होत्या. प्लास्टिक झिजून त्यातून बीपीए हे रसायन झिरपत होतं. शरीरात ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतं. २००७ मध्ये हंट यांच्या गटाने दाखवलं, की गाभण उंदरीणीला बीपीए दिलं तर पोटातल्या मादी पिल्लांची बीजंही बिघडतात. म्हणजे झळ थेट नातवंडांपर्यंत!

माणसांच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. काहींत लघवीत बीपीए जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये आयव्हीएफच्या वेळी कमी बीजं मिळाली, काहींत फरक दिसला नाही. त्यामुळे अमक्या डब्यामुळेच भाचीला त्रास झाला, असं कुणी म्हणू शकत नाही. तिच्या करिअरमुळेच झाला, असंही नाही.

बंगळुरूत २० लिटरच्या कॅनशिवाय अनेक घरांचं पान हलत नाही. त्यातले बरेच कॅन पॉलिकार्बोनेटचे असतात. आम्ही कॅन उन्हात ठेवत नाही, जुना आणि चरे पडलेला परत करतो. पाणी आलं की स्टीलच्या पिंपात ओततो. गरम सांबार प्लास्टिकच्या पिशवीत न घेता दर्शिनीत स्टीलचा डबा नेतो. मायक्रोवेव्हमध्ये काचेचं भांडं ठेवतो. दुकानातली गुळगुळीत बिलं हातात घेऊन बसत नाही, त्या कागदावरही बीपीए किंवा त्याचा भाऊ बीपीएस असू शकतो. नुसतं 'बीपीए फ्री' वाचून निर्धास्त होऊ नका. २०१८ च्या अभ्यासात बीपीएसनेही उंदरांच्या बीजांवर तसाच परिणाम केला.

२०१५ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने बाळाच्या दुधाच्या बाटलीत बीपीए नको, असं ठरवलं. बाळ होण्याआधीचा विचारही तितकाच गरजेचा आहे. तो एकट्या सुनेने करायचा नाही. घरातल्या सगळ्यांनी आणि सरकारनेही करायचा आहे.