तीन प्लग

साहित्याच्या वर्गात ‘वाचणे’ हे क्रियापद आम्ही इतके सैल वापरतो, की दुसऱ्या कोणी ते काटेकोरपणे वापरले की ओशाळायला होते. शिवाजी पेठेत, उभा मारुती चौकाजवळच्या एका बोळात, आमच्या मित्राचे गॅरेज होते. तिथले वयस्क मिस्त्री उद्यमनगरच्या लेथवर हात बसवून आलेले. ते म्हणत, “प्लग बघून काय हुतंय सर? वाचाय लागतोय त्यो.” आम्ही हसत असू. शब्द आमच्या मालकीचा होता ना!

पेठेचा खरा मोसम फुटबॉलचा. शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम यांच्या सामन्यापुढे बाकी सगळे फिके. मोटारशर्यतीचे वेड मात्र कोल्हापूरला अगदीच परके नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीने इथल्या मुलांना ट्रॅक दाखवला, आणि इथलाच कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला-३ मालिकेत धावला. आमची गोष्ट त्याच्या दहा-अकरा वर्षे आधीची आणि फारच गरीब. मित्राने पतसंस्थेचे कर्ज काढून एक जुनी मारुती ८०० घेतली होती. कार्बुरेटरची, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. मागची सीट काढून आत लोखंडी पिंजरा बसवला होता. मातीवरच्या ऑटोक्रॉस शर्यतीत ती उतरवायची होती.

इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेते तेव्हा प्रत्येक प्लगला सेकंदाला पन्नास वेळा ठिणगी द्यावी लागते. त्याचे टोक साधारण साडेचारशे अंशांहून थंड राहिले तर काजळी जळत नाही, ती साठत जाऊन ठिणगीला चोरवाट मिळते आणि गाडी मिसिंग मारू लागते. साडेआठशेच्या वर गेले तर टोकच निखारा होते आणि ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल पेटवते. कोरडा काळा प्लग म्हणजे बहुधा मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल येते आहे. पांढरा, फोड आलेला म्हणजे उष्णता जास्त, मिश्रण लीन. प्लगवरच्या आकड्यांचीही गंमत आहे. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. एकच चिन्ह, दोन कंपन्या, उलटे अर्थ. चिन्हमीमांसेच्या तासाला हे उदाहरण आम्ही पुढे अनेकदा वापरले आणि त्याचा उगम कधी सांगितला नाही.

मिस्त्रींची पद्धत संथ होती. मिसिंग असेल तर संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवायचा. दोष त्याच्याबरोबर गेला तर प्लगचा, जागीच राहिला तर वायरचा किंवा सिलिंडरचा. बोळातली पोरे प्लग इंजिनवर टेकवून ठिणगी पाहत आणि “चालू हाय की” म्हणत. मिस्त्री मान हलवत. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते, आणि पोर्सेलीनला केसाएवढी चीर असली तरी ती तिथेच दगा देते.

त्या चैत्रात मिस्त्री जोतिबाच्या यात्रेला गेले होते. शर्यत चार दिवसांवर. माळावर गाडी पळवून मित्र संध्याकाळी रंकाळ्याच्या गर्दीतून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याने प्लग काढले. तिन्ही काळे. आमच्याकडे एक जुने इंग्रजी मॅन्युअल होते, त्यात प्लगांची रंगीत चित्रे. आम्ही चित्र आणि प्लग शेजारी धरले आणि वर्गात बोलतो त्याच आवाजात सांगितले, “मिश्रण रिच आहे. मेन जेट एक नंबर लहान टाक.” त्याने टाकला.

रविवारी तिसऱ्या फेरीत गाडी थांबली. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडले होते. त्या प्लगचे पोर्सेलीन पांढरेशुभ्र होते आणि त्यावर मोहरीहून बारीक चंदेरी मणी चिकटले होते. पिस्टनचेच ते वितळलेले ॲल्युमिनिअम.

मिस्त्री आले. आमचे काळे तीन आणि हा पांढरा असे चार प्लग त्यांनी फडक्यावर मांडले. “गाडी बंद कुठं केलती?” एवढेच विचारले. घरी, असे मित्र म्हणाला. “मग ह्यो माळावरचा प्लग न्हवं. ह्यो रंकाळ्याचा प्लग हाय.” मंद चालीत पेट्रोल आयडलच्या वेगळ्या वाटेने येते, मेन जेटचा तिथे संबंधच येत नाही. मेन जेट वाचायचा तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर असतानाच इग्निशन तोडायचे, क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची आणि ती थांबेल तिथेच प्लग काढायचे. आम्ही गर्दीतल्या काजळीवरून वेगाचा निकाल दिला होता. शिवाय त्या मॅन्युअलमधल्या तांबूस रंगात पेट्रोलमधल्या शिशाचा मोठा वाटा होता, आणि भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. त्यावर रंग उशिरा आणि फिका चढतो. जाणकार भिंग घेऊन पोर्सेलीनच्या तळाशी उमटलेले वलय शोधतात.

“जेट कुणी बदलाय सांगितला?” मिस्त्रींनी विचारले. मित्र म्हणाला, “मीच.” आम्ही तिथेच उभे होतो. कर्जाचे हप्ते पुढे दोन वर्षे चालले, त्याचा मोसम बुडाला, आणि आम्ही त्याचा ‘मीच’ कधी दुरुस्त केला नाही. मिस्त्री आता नाहीत. त्यांना कळले नसेल असे आम्हांला वाटत नाही. चार प्लग वाचणाऱ्याला दोन चेहरे वाचणे काय अवघड? असो.

मागच्या महिन्यात मित्राने ती गाडी पुन्हा चालू केली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल असते. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर तेच मिश्रण आणखी लीन होते. जिल्ह्यातला ऊस असाही इंजिनात येतो. त्याने एक प्लग आमच्या हातात दिला. पांढुरका होता.

“काय वाचतोयस?”

“जेट मी सांगितला होता,” आम्ही म्हणालो.

“ते ठाऊक हाय मला,” तो म्हणाला. “प्लगाचं बोल.”

“बंद कुठे केलीस?”

“हितंच, दारात.”

प्लग परत बसवला. रविवारी पहाटे माळावर जायचे ठरले आहे. प्लग पाना आणि भिंग आम्ही न्यायचे आहे.