मत्स्यन्याय

माझ्या नातीनें आमच्या वाशीमच्या घरीं कांचेच्या टाकींत दोन एंजल मासे पाळले आहेत. मूळचे हे दक्षिण अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉनच्या पाण्यांतले. परवां मादीनें एका रुंद पानावर अंडीं घातलीं आणि नातीला शाळेचेंही भान राहिलें नाहीं. नरमादी आळीपाळीनें अंड्यांना परांचा वारा घालीत. पांढरें पडलेलें नासकें अंडें तोंडानें वेंचून टाकीत. दोन दिवसांनीं पिलें बाहेर पडलीं, तेव्हां एकानें तीं तोंडांत उचललीं. "आजोबा, खाल्लीं त्यानें!" म्हणून ती किंचाळली, पण त्यानें तीं अलगद दुसऱ्या पानावर नेऊन ठेविलीं. भेदरले तर हेच मायबाप आपलीं अंडीं गिळून टाकतात, हेंही खरें. म्हणून टाकीजवळ सध्यां कुजबुजूनच बोलावें, असा नातीचा दंडक आहे.

मोठ्यानें लहानास गिळावें, यास आपल्या पूर्वजांनीं 'मत्स्यन्याय' म्हटलें. आणि नुसत्या दृष्टीनें पिलें वाढविणारी माउली म्हणून संतांनीं कासवीला मान दिला. वास्तविक कासवी मातींत अंडीं पुरून निघून जाते. डोळ्यांत तेल घालून पिलें राखणारे मासे आहेत, पण त्यांचें नांव मात्र बदनाम!

हें मला फार पूर्वीं कळलें होतें. लहानपणीं एका पावसाळ्यांत पैनगंगेच्या कांठीं, गवताळ उथळ पाण्यांत, मीं मरळ माशाचीं पिलें पाहिलीं. नारिंगी पिलांचा तो थवा श्वासासाठीं सारखा वर येई, आणि सर पडावी तसें पाणी थरथरे. खालीं काळसर मासा पहाऱ्याला. मरळ असा कित्येक आठवडे पहारा करितो.

शाबासकीच्या हौसेनें मींच ती जागा एका म्हाताऱ्या भोयाला दाखविली. त्यानें गळाला बेडूक लावून थव्यांत टाकला. मासा भुकेनें नव्हे, संतापानें धांवून आला. "थो लेकरं सोडून पयत नाई, बापू, म्हून तं गयाले लागते," भोई सहज म्हणाला. त्याच्या घरीं चूल पेटावयाची होती. त्याला मी दोष देत नाहीं. पण मी तेथेंच बसून राहिलों. थवा विस्कटला. दुसरें कोणी राखावयास आलें नाहीं. बगळे मात्र आले.

पुढें संसारांत पाहिलें, माणूस स्वतःसाठीं सहसा वांकत नाहीं. सावकाराच्या दारीं, साहेबाच्या पुढें तो उभा राहतो तो लेकरांपायीं. ज्याला मागें टाकून जाववत नाहीं असें कांहीं आहे, तोच गळाला लागतो. हाही एक मत्स्यन्यायच. शास्त्रकारांनीं तो लिहून ठेविला नाहीं इतकेंच.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. 'वात्सल्य' ह्या शब्दाच्या पोटींही तोच 'वत्स' आहे. नातीला हा योगायोग मीं सांगितला. ती फार खुष झाली. मरळ माशाची गोष्ट मात्र अद्याप सांगितलेली नाहीं. सायंकाळीं आम्ही दोघें टाकीपाशीं बसतों आणि कुजबुजत बोलतों.