सरळ रेषेतलं अंतर

सेकंड इयरची गोष्ट. रात्री अकराला रूम पार्टनरचा फोन वाजला. त्याचे बाबा गोंदियाला दवाखान्यात, तब्येत गंभीर. आणि आम्ही कुठे, तर कुडाळजवळच्या हॉस्टेलवर! महाराष्ट्राच्या या टोकाला आम्ही आणि पार त्या टोकाला त्याचं घर.

"विमानाने किती टाईम लागते बे?" त्याने विचारलं.

भावी इंजिनिअरला दुसरं काय सुचणार? मी कॅल्क्युलेटर काढला. इकडे ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेलं चिपी विमानतळ. तिकडे गोंदियाचं बिरसी, जिथे मार्च २०२२ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. अक्षांशांत फरक साडेपाच अंशांचा, अंशाला १११ कि.मी. रेखांशांत पावणेसात अंश. पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे अंशाला १०५ च धरायचे. मग पायथागोरस. उत्तर आलं सुमारे ९४० कि.मी. लहान विमानतळांवर येणारं एटीआर ताशी ५०० च्या आसपास उडतं. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून सव्वादोन तास!

मी खुशीत कागद पुढे केला. तो म्हणाला, "मग विमान कधी हाय?"

सरळ विमान नव्हतंच. मध्ये बदलून जायचं तर वेळा जुळेनात आणि तिकीट आमच्या आवाक्याबाहेरचं. शेवटी कोकण रेल्वेने ठाणं, तिथून विदर्भ एक्स्प्रेस. सव्वादोन तासांचे दीड दिवस झाले.

त्याला स्टेशनवर सोडून आलो आणि मला आमचं धसई आठवलं. मुरबाड तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं. आत्या दिली वर आहुप्याला. डोंगराकडे बोट केलं की "ती बघ आत्या राहते" म्हणायचं, इतकं जवळ. घाट चढून पायी अर्धा दिवस. पण गाडीने जायचं तर माळशेज चढून जुन्नर, घोडेगाव, डिंभे असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा. आजी गेली ती भर श्रावणात. घाटाची वाट निसरडी, वर धुकं. आत्या गाड्या बदलत वळशाने आली. ती पोचली तेव्हा आम्ही ओढ्यावरून परतलो होतो. अंगणात बसून ती एवढंच म्हणाली, "हितनं तर दिसतंय की रं माझं घर."

तेव्हा मी सातवीत होतो. अंतर आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पार्टनरचा मेसेज आला : "पोचलो. बाबा बोलले."

तो आकडेमोडीचा कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. गणित बरोबरच आहे त्यातलं. खाली मी नंतर पेनाने एक ओळ वाढवली : "वाट असेल तर."