मामांचा जिल्हा

पासवर्ड आठवेनासा झाला की आपण कॉम्प्युटरवर चिडतो. याला माहीत आहे आणि मुद्दाम सांगत नाही, असं वाटतं. खरं तर त्यालाही माहीत नसतो.

सुरुवातीला तसं नव्हतं. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने अनेकांनी मिळून वापरायची संगणकव्यवस्था उभी केली आणि प्रत्येकाला पासवर्ड दिला. ते सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६२मध्ये ॲलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून त्याने ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम केलं.

पुढे शहाणपण आलं. आता कॉम्प्युटर पासवर्ड दळून त्याचं पीठ तेवढं ठेवतो. त्याला हॅश म्हणतात. आपण पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळतो, आणि पीठ जुळलं तर आत घेतो. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. त्यामुळे ‘पासवर्ड काढून देतो’ म्हणणारा दुकानदार बहुतेक वेळा जुना पुसून नवा बसवून देतो. जुना पासवर्ड असतो तो फक्त माणसाच्या डोक्यात.

माझे मामा बोईसरला राहतात. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे ते हजेरी आणि पगाराचं काम बघायचे. ठेकेदाराने धंदा गुंडाळला, मामा निवृत्त झाले, आणि त्यांचा विंडोज ७चा डेस्कटॉप घरी चादर पांघरून बसला. गेली काही वर्षं मामांना स्मृतिभ्रंश आहे. जेवण झालं की नाही, हेही त्यांना मामींना विचारावं लागतं.

मागच्या पावसाळ्यात विक्रमगडकडचे एक दादा मामांना शोधत आले. २००९ ते २०१३ अशी ४ वर्षं त्यांनी त्या ठेकेदाराकडे काढली होती, नंतर दुसरीकडे ७ वर्षं. पीएफच्या पेन्शनला किमान १० वर्षांची नोकरी लागते. नुसत्या ७ वर्षांवर एकरकमी पैसे हातात येतात आणि विषय संपतो. ११ भरली तर वयाच्या ५८व्या वर्षापासून दरमहा पेन्शन. आधीच्या ४ वर्षांचे पैसे दादांनी काढलेले नव्हते, पण ती वर्षं जोडायची तर जुना पीएफ नंबर हवा. नोकरी बदलली तरी न बदलणारा यूएएन आला ऑक्टोबर २०१४मध्ये. त्याआधी नोकरीबरोबर नंबरही बदलायचा. पगाराच्या चिठ्ठ्या दादांच्या घरात पावसाने भिजून लगदा झाल्या होत्या.

“साहेबांच्या कम्प्युटरात असंल,” ते म्हणाले.

मामांना पासवर्ड विचारला. “कसला?” म्हणाले, आणि हसले.

स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. दोन मिनिटांत सगळे फोल्डर समोर. विंडोजचा पासवर्ड म्हणजे पुढच्या दाराचं कुलूप. मागची भिंत काढली तर आतलं सामान दिसतंच. पण पगारपत्रकांच्या एक्सेल फाइलींना मामांनी वेगळा पासवर्ड लावला होता. एक्सेल २००७पासून फाइल उघडण्याचा पासवर्ड लावला की आतला मजकूरच कूटबद्ध होतो. भिंत काढली तरी हाती येतो तो भुसा.

“ह्याला खरा पासवर्डच लागेल,” रिपेअरवाला म्हणाला.

एक्सेल हिंट देत नाही. विंडोज ७ देतं: चुकीचा पासवर्ड टाकला की मालकाने लिहून ठेवलेली खूण खाली दाखवतं. मामांनी दोन्हीकडे एकच शब्द वापरला असेल, या आशेवर डिस्क पुन्हा जागेवर बसवून कॉम्प्युटर घरी आणला. काहीतरी चुकीचं टाकलं. खाली इंग्रजी अक्षरांत उमटलं: ‘आपला जिल्हा’.

पालघर. नाही. पहिलं अक्षर मोठं करून पालघर. नाही. पुढे १२३ लावून. नाही.

मागे दादा मामींना सांगत होते, कसल्याशा दाखल्यासाठी कलेक्टर कचेरीत दोनदा जाऊन आलो. मामा खुर्चीतून म्हणाले, “कलेक्टर कचेरी ठाण्याला. पहाटेची गाडी पकडा, नाहीतर दिवस जाईल.”

पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. कॉम्प्युटर त्याआधीचा. मी इंग्रजीत ठाणे लिहिलं, पुढे १२३. विंडोज उघडलं. त्याच शब्दाने फाइलही उघडली.

एरवी मामा असं काही बोलले की आम्ही लगेच सुधारतो: “अहो, आता पालघर.” या आजारात बहुधा नुकतंच घडलेलं आधी जातं आणि जुनं त्यामानाने टिकतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं आम्हाला पाठ होतं. तरी आम्ही त्यांच्याकडे आजचीच उत्तरं मागत होतो. पासवर्ड मात्र ज्या दिवशी लावला त्या दिवसातच राहतो. तो कॉम्प्युटर २०१४च्या आधीच्या मामांना ओळखत होता, आणि त्या खोलीत त्या काळात राहणारे एकटे मामाच होते.

आता एवढ्यावर भागणार नाही. विंडोज ११च्या नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा अख्खी डिस्कच आपोआप कूटबद्ध झालेली असते. ती काढून दुसरीकडे जोडली तर काही वाचता येत नाही. ४८ अंकांची रिकव्हरी की लागते. ती साधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, आणि खात्यात शिरायला ओटीपी येतो तो मोबाइलवर. तो नंबर रिचार्जअभावी बंद पडून दुसऱ्या कोणाला गेला असेल, तर पुढची वाट फार अवघड. चोरापासून वाचवणारं हे कुलूप चांगलंच आहे. पण घरातलं माणूस आजारी पडलं की घरच्यांनाही ते चोरच समजतं. म्हणून मी माझे ४८ अंक कागदावर छापून घेतले आणि कुठे ठेवलेत ते घरी सांगून ठेवलं.

दादांचा नंबर मिळाला. त्या फाइलींत आणखी बऱ्याच जणांचे आहेत. मी मामींना विचारलं, आता हे धूड भंगारात द्यायचं का?

“राहू दे,” मामी म्हणाल्या. “अजून कोणी येईल.”

त्यांनी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि रेशनकार्ड, सातबारा असतात त्या फाइलमध्ये ठेवला. दिवाळीनंतर दोघे जण येऊन गेले.