मशीनला नंबर, उधारीला तिथी

मुरुडजवळच्या एका खाडीकाठी माझ्या मामाचं मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन म्हणजे मासेमारी बोटीचं डिझेल इंजिन. आमच्याकडे 'इंजिन' हा शब्द कर्जाच्या आणि विम्याच्या कागदांवर असतो, एरवी मशीनच. एक सिलिंडरच्या होडीपासून सहा सिलिंडरच्या बोटीपर्यंत सगळ्यांची कामं येतात. पिस्टन-लायनर बदलणं, नोजल तपासणं, डिझेल पंप खोलून लावणं, वाकलेला शाफ्ट काढणं, पंखा बसवणं. दुकानात माणसं तीन: मामा, एक मिस्त्री आणि एक शिकाऊ पोरगा. आजोबांनी दुकान काढलं १९७८ साली. त्यांच्या पहिल्या बिलबुकावर पत्त्याखाली 'जि. कुलाबा' छापलेलं आहे, कारण जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये.

मी नवी मुंबईत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. लोकांना नेमकं काय हवंय ते विचारायचं, त्यांच्याच शब्दांत लिहून काढायचं आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवायचं, हे माझं काम. त्यामुळे मामीने जेव्हा फोन करून सांगितलं, "बाय, दुकानाचा सगळा हिशोब कंप्युटरवर घे एकदा," तेव्हा मला वाटलं, चला, घरचं काम. पण फोन ठेवण्याआधी ती जे बोलली, त्यामुळे हे काम हिशोबाचं नाही हे कळलं.

त्याच महिन्यात एक तीन सिलिंडरचं मशीन काळा धूर काढतं म्हणून दुकानात आलं होतं. मामाने पंप उतरवला, अख्खा खोलला, साफ करून पुन्हा लावला. हाच पंप त्याने वीस दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने खोलून लावला होता आणि ते त्याच्या ध्यानातून पार गेलं होतं. नाखवा समोर उभा होता. तो काही बोलला नाही. मजुरी विचारली, दिली आणि गेला. मामीला हे नाखविणीकडून कळलं, तेही मासळी बाजारात, हळू आवाजात. अलिबागच्या डॉक्टरांनी मामाला तपासून सांगितलं की आत्ता घाबरण्यासारखं काही नाही, पण विसरणं थोडं थोडं वाढत जाईल.

म्हणजे दुकानाची जी सगळी माहिती आजवर एका डोक्यात होती, ती वेळेत दुसरीकडे उतरवून घ्यायची होती. आणि तीही मामाला कमीपणा न येता.

अशा कामाची सुरुवात आम्ही नेहमी एकाच प्रश्नाने करतो: सध्या माहिती कुठे कुठे असते? दोन शनिवार-रविवार मी दुकानात स्टुलावर बसून होते. माहिती सापडली ती अशी: बिलबुकात (पण बिल मागणाऱ्यांचीच), उधारीच्या लाल वहीत, भिंतीवर खडूने लिहिलेल्या बेअरिंगच्या नंबरांत, मामाच्या फोनमध्ये 'दारूखाना पंपवाला', 'नागदेवी ऑइलसील' अशा नावांनी साठवलेल्या नंबरांत, जुन्या पिस्टन रिंगांच्या डब्यात आणि उरलेली सगळी मामाच्या डोक्यात. एसटीने मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या हातून कुठला पार्ट मागवलाय, हे तर फक्त मामीला ठाऊक.

दुरुस्तीच्या दुकानांसाठी तयार सॉफ्टवेअर पुष्कळ मिळतात. त्यांचा पहिला रकाना असतो 'ग्राहकाचं नाव'. मी मामाला विचारलं, "तुझा ग्राहक कोण?" तो म्हणाला, "मशीन."

मला आधी ती गंमत वाटली. पण त्याने सांगितलं ते असं. बोट विकली जाते, तेव्हा कधी मशीनसकट जाते, कधी मशीन उतरवून. जुनं मशीन दुसऱ्या बोटीत बसतं. दोन भाऊ वेगळे होतात, बोट एकाकडे जाते, मशीन दुसऱ्याकडे. बोटीला सरकारी नोंदणी क्रमांक असतो, 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा. पण दुकानात कुणी तो सांगत नाही, बोटीचं नाव सांगतात. आणि एकाच देवीच्या नावाच्या चार बोटी एका बंदरात असतात. मालक बदलतो, बोट बदलते, नाव बदलतं. कुठल्या मशीनचा लायनर कधी बदलला, कुठल्या हेडला आधीच एकदा चीर जाऊन वेल्डिंग झालंय, हे मात्र मशीनबरोबरच राहतं. कंपनीने ओतलेला नंबर खाऱ्या पाण्याने आणि गंजाने बऱ्याच वेळा वाचताच येत नाही.

म्हणून आमच्या प्रणालीतली पहिली गोष्ट फोनमध्ये नसून लोखंडावर आहे. मामाकडे आजोबांच्या वेळचा नंबर पंचांचा संच आहे. पितळी पट्टीवर हातोडीने आकडा ठोकायचा आणि पट्टी मशीनला स्क्रूने बसवायची. क्यूआर कोडचे स्टिकर लावावेत का, असं मिस्त्रीने विचारलं होतं. डिझेल, उष्णता आणि मीठ यांत कागद किती दिवस राहील, याचं उत्तर त्यानेच लगेच दिलं. पितळ राहतं.

दुसरा अवघड रकाना निघाला 'देय तारीख'. उधारीची जी अॅपं फोनवर मिळतात, ती ठरलेल्या दिवशी आपोआप संदेश पाठवतात: तुमची इतकी रक्कम बाकी आहे. आता विचार करा. मोठं काम निघतं ते बंदीच्या काळात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हाच मशीन उतरवून ओव्हरहॉल करता येतं. म्हणजे खर्च सगळ्यात जास्त त्या दोन महिन्यांत, जेव्हा घरात एक रुपयाही येत नसतो. मामाची वही म्हणूनच तारखा लिहीत नाही. तिच्यात लिहिलेलं असतं: 'पुनवेला', 'गौरीच्या आधी', 'शिमग्याला'. पुनव म्हणजे अर्थातच नारळी पौर्णिमा. ती २०२३ साली अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला आली आणि पुढच्या वर्षी १९ ऑगस्टला. 'तीस दिवसांत देय' असं छापणाऱ्या यंत्राला हे समजावणं कठीण. आणि जुलैमध्ये, चूल कशीबशी पेटत असताना, त्या घरात पैसे मागणारा संदेश वाजणं म्हणजे चारचौघांत अपमान. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक त्या एका 'टिंग'ने तुटेल.

तेव्हा आमच्या तक्त्यात तारखेच्या जागी तिथी आणि सण लिहिता येतो. आपोआप संदेश एकही जात नाही.

तिथीचा दुसराही उपयोग आहे. शाफ्टचं किंवा पंख्याचं काम असेल तर बोट उधाणाला वर चढवावी लागते, ओहोटीत पाणी हटलं की काम उरकायचं आणि पुढच्या भरतीला सोडायची. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी तेवढं चढतच नाही. भरतीची वेळ काढायला मामाला कुठलंही अॅप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. किनाऱ्यावरच्या कित्येक पिढ्यांनी वापरलेलं हे सूत्र मी तक्त्यात जसंच्या तसं घातलं. तिथी लिहिली की शेजारच्या रकान्यात भरतीची वेळ येते. शिकाऊ पोरगा हे बघून म्हणाला, "हे तर आजीला पण येतं." येतंच. म्हणूनच घातलं.

मग मामीने विचारलं, "बिल कुणाच्या नंबरवर पाठवणार?" बोटीच्या मालकाच्या, असं उत्तर कुणीही देईल. ती हसली. मासळी विकते नाखवीण, पैसा तिच्या हातात येतो, घरात कुणाला किती द्यायचं ते ती ठरवते. नाखवा समुद्रावर असतो आणि तिथे फोनला रेंज नसते. तेव्हा प्रत्येक मशीनपुढे दोन नंबर आले. मशीनबद्दल बोलायचं ते नाखव्याशी, पैशांबद्दल नाखविणीशी. यूपीआयचे पैसेही बहुतेक तिच्याच फोनवरून येतात.

उधारी कुणाला दिसावी, हाही प्रश्न निघाला. शिकाऊ पोराचा सख्खा चुलता मामाचा देणेकरी आहे. घरच्या माणसाची बाकी त्याने रोज का बघावी? म्हणून कामाचा तक्ता तिघांना दिसतो आणि पैशांचा फक्त मामीला. आमच्या कंपनीत याला भारदस्त नाव आहे. मामी म्हणते, झाकली मूठ.

आता राहिली ती मामाच्या डोक्यातली खरी ठेव. ती रकान्यांत बसत नाही. अमेरिकेत ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांबरोबर फिरला होता. १९९६ साली त्याचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हे पुस्तक आलं. त्याला दिसलं ते असं: कंपनीने जाडजूड माहितीपुस्तकं दिलेली असतात, पण अडलेलं यंत्र सुटतं ते कामगारांनी जेवताना, चहा पिताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून. मागच्या वेळी असाच आवाज येत होता, तेव्हा काय निघालं माहितीये का? पुढे त्याच कंपनीत 'युरेका' नावाची व्यवस्था उभी राहिली. कामगारांनी आपापल्या युक्त्या लिहायच्या, जाणत्या सहकाऱ्यांनी तपासायच्या आणि युक्तीखाली ती देणाऱ्याचं नाव राहायचं.

मामाचं दुकान चालतं ते अशाच किश्श्यांवर. एका मशीनबद्दल त्याने सांगितलं, "हे खाडीच्या तोंडाशी ओहोटीला गरम होतं. गाळ न् प्लास्टिक ओढतं, कूलर चोंदतो. बाहेर खोल पाण्यात नेलं की गप चालतं. उगाच हेड खोलू नको." या चार वाक्यांनी मिस्त्रीचे दोन दिवस आणि नाखव्याचे काही हजार वाचतात. आणि कधी कधी प्रश्न हजारांचाही नसतो. वारा सुटलेला असताना मशीन बंद पडलं, तर बोट वाहत जाते आणि तिच्यावर माणसं असतात.

तेलकट हातांनी कुणी टाइप करत नाही. म्हणून व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप केला. काम संपलं की आधी पट्टीचा नंबर बोलायचा, मग काय केलं ते, मग मशीनची खोड. रात्री मामी किंवा मी ते ऐकून तक्त्यात उतरवतो. टीप ज्याची, त्याचं नाव खाली. मामाचा आवाज तसाच ठेवायचा.

हे सगळं आटोपशीर दिसत असतानाच मिस्त्रीने विचारलं, "आणि निसर्गसारखं आलं तर?" ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. दुकानाचे पत्रे उडाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर मुके होते. लाल वही चिखलात सापडली, निम्म्या पानांची शाई वाहून गेलेली. त्या वर्षी पुनवेनंतर लोक एकेक करून आले आणि आपणहून आकडे सांगून गेले: माझे इतके होते, लिहून घे. सगळे आले नाहीत. जे आले नाहीत ते कोण, हे मामाला माहीत आहे, आणि त्यांचीही मशीनं तो करतो.

म्हणजे वही एकट्या मामाकडे कधीच नव्हती. तिची एकेक प्रत प्रत्येक देणेकऱ्याच्या घरात होती. पण ती माणसंही आता म्हाताऱ्याकडे झुकलीत आणि त्यांची मुलं माझ्यासारखी नवी मुंबईत. पुढच्या वादळात या आठवणीवर किती भार टाकायचा? म्हणून दर महिन्याच्या शेवटी दोन्ही तक्ते छापायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे. एक प्रत घरी माळ्यावर, एक माझ्या आईकडे अलिबागला. महिनाभर वीज नसली तरी दुकान चाललं पाहिजे, ही अट मी कागदावर सगळ्यात वर लिहिली.

यंदाच्या बंदीत पट्ट्या ठोकायला सुरुवात झाली. पट्टी क्रमांक १ कुठल्या मशीनला, हे मामाने ठरवलं. त्या तीन सिलिंडरवाल्याला. पंपाचं प्रकरण त्याला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. त्याने फोन तोंडाजवळ धरला आणि नोंद बोलला: "एक नंबर. पंप दोनदा खोलला. दुसऱ्यांदा गरज नव्हती. मजुरी परत." मामी त्याच संध्याकाळी पैसे देऊन आली. नाखवीण घेत नव्हती. तिला सांगावं लागलं की तक्त्यात तसं लिहिलंय, आता घ्यावेच लागतील.

आत्तापर्यंत ६३ पट्ट्या बसल्या आहेत. खरी परीक्षा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा सगळ्यांनाच १ ऑगस्टच्या आधी मशीन चालू हवं असतं आणि दुकानात उभं राहायला जागा नसते. तेव्हा नोंदी बोलायला कुणाला फुरसत मिळेल का, हे मला सांगता येणार नाही. पण काल रात्री ऐकलेल्या नोंदीत पोरगा एका नोजलबद्दल सांगत होता, मागून मामाचा आवाज आला, "चुकीचं सांगतोस, आधी पाइप तपासला होता मी." पोरगा थांबला आणि म्हणाला, "मामा, तुमीच बोला." पुढची चार मिनिटं मामा बोलत होता. मी ती सगळी उतरवून घेतली.