ढाणकीचे हिवाळी पाहुणे

ढाणकी कुठं आली, असं पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांनी विचारलं, की मी आधी पैनगंगा सांगते. जिल्हा यवतमाळ, तालुका उमरखेड, पण यवतमाळपेक्षा आम्हांला नांदेडच जवळ. नदीच्या अलीकडं विदर्भ, पलीकडं मराठवाडा. त्यामुळं आमची बोलीही अर्धी इकडची, अर्धी तिकडची. गावाभोवती कपाशी, सोयाबीन, थोडी हळद, थोडा ऊस. थोडं पुढं गेलं की पैनगंगा अभयारण्याचं सागाचं जंगल लागतं, आणि नदीवरचा सहस्रकुंड धबधबाही फार लांब नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना सहस्रकुंड दाखवून आणतो. पण दरवर्षी न बोलावता, न पत्र टाकता जे पाहुणे येतात, त्यांच्याविषयी आज सांगायचं आहे.

हे पाहुणे म्हणजे पक्षी. पाऊस सरत आला की ते उत्तरेकडून यायला लागतात आणि होळीच्या सुमारास परत जातात. आपल्याकडं सणांवर त्यांची वेळ लावता येते. महालक्ष्म्यांची धांदल संपते न संपते तोच पहिला धोबी येतो. कुणी त्याला परीट म्हणतं. चालता चालता शेपटी अशी खालीवर करतो, जणू दगडावर कपडे आपटतोय! गच्चीवर, मैदानात, ओढ्याकाठी कुठंही दिसेल. मात्र भुवई पांढरी असलेला मोठा काळा-पांढरा धोबी आपल्याकडं बारा महिने असतो. तो पाहून ‘आले, आले’ म्हणू नये. पाहुणे ते राखाडी, पिवळे आणि पांढऱ्या तोंडाचे.

दसऱ्याच्या सुमारास परसात थरथरा येतो. नर काळा, पोट विटकरी, आणि शेपूट सारखी थंडी वाजल्यासारखी थरथरत असते. आमच्या शेजारच्या काकू त्याला बरीच वर्षं ‘आमचा काळू’ म्हणतात. शेताच्या बांधावर, काटेरी झुडपाच्या शेंड्यावर गप्पीदास बसतो. तारांवर माळभिंगऱ्या ओळीनं बसतात. आणि दिवाळीच्या फराळाची भांडी घासून होतात, तोवर तळ्यावर बदकं उतरलेली असतात: चपट्या चोचीचा थापट्या, लहानखुरा चक्रांग, लांब शेपटीचा तलवार बदक.

आमच्याकडं पक्षी पाहणारे असे आठ-दहाजण आहेत. एक निवृत्त गुरुजी, एक कापड दुकानदार, दोन-तीन शेतकरी, कॉलेजातली मुलं आणि आम्ही दोघी बायका. सभासद, अध्यक्ष, वर्गणी असलं काही नाही. कुणाला काही दिसलं की फोनवर निरोप येतो, किंवा बाजाराच्या दिवशी दुकानात उभ्याउभ्या बोलणं होतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळं मुलंही बातम्या आणतात. परवा एका मुलाचा बाप शाळेच्या फाटकाशी थांबला आणि म्हणाला, “बाई, आमच्या वावरात भोरड्या आल्या, लय झुंडच्या झुंड! पाहून जा.” आम्ही दोघी गेलो. ज्वारीवर भोरड्यांचा ढग वळत होता. डोकं काळं, अंग गुलाबी. शेतकऱ्याची बायको गोफण घेऊन उभी होती आणि आम्ही कौतुक करत होतो. तिचं बरोबर होतं, आमचंही. भोरड्या ज्वारी खातात हे खरं, पण त्या टोळ आणि अळ्याही फस्त करतात. चीनच्या शिंजियांग भागात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून भोरड्यांसाठी मुद्दाम घरटी बांधून देतात. हे मी तिला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, “मग तिकडंच ठेवा म्हणा न!”

आता तुम्ही म्हणाल, कुठला पक्षी कधी आला हे लिहून ठेवून काय साधतं? मलाही सासूबाईंनी हेच विचारलं होतं. तर ऐका. पट्टकदंब नावाचा हंस आहे. डोकं पांढरं, त्यावर दोन काळ्या पट्ट्या. तो मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरपेक्षा उंचावरून तो उडाल्याची नोंद आहे. तिथं माणसाला प्राणवायूची नळी लागते! मंगोलियात शास्त्रज्ञांनी काही हंसांच्या गळ्यात अंकांची पट्टी घातली. असे पट्टीवाले हंस महाराष्ट्रातल्या तळ्यांवरही दिसले. कुणीतरी दुर्बिणीतून अंक वाचले, लिहून घेतले आणि कळवले, म्हणून त्यांचा रस्ता समजला. शास्त्रज्ञ प्रत्येक तळ्यावर बसून राहू शकत नाही. गावची माणसं बसू शकतात.

दुसरी गोष्ट अमूर ससाण्याची. हा कबुतराएवढा शिकारी पक्षी सैबेरिया-चीनकडून निघतो, नागालँडमध्ये थांबतो, मग आपल्या डोक्यावरून समुद्र पार करून आफ्रिकेत जातो. २०१२ साली नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ हे ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडून विकले जात होते. ती छायाचित्रं जगभर गेली. मग तिथल्या गावांनी, चर्चनं आणि वनखात्यानं मिळून ठरवलं, आणि २०१३च्या हंगामात शिकार थांबली. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून त्यांचा प्रवास पाहिला. त्यांतल्या एकाचं नाव त्या गावावरून पांगती ठेवलं होतं. ज्या गावानं मारायचं सोडलं त्याचं नाव पाखरानं आफ्रिकेपर्यंत नेलं, ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही गप्प बसतात.

आमच्या गावालाही ठरवण्यासारखं पुष्कळ आहे. तळ्याचंच पाहा. हरभरा-गहू पेरला की मोटारी लागतात आणि बदकं यायच्या वेळी पाणी उतरायला लागतं. शेतकऱ्याला पाणी नको कसं म्हणणार? म्हणून आम्ही तसं म्हणत नाही. एवढंच सांगतो, की मासेमारीची तुटकी जाळी काठावर सोडू नका, त्यांत पाय अडकून पाखरं मरतात. मुलांच्या हातातली बेचकी काढून वही-पेन्सिल द्या. आणि दसऱ्याला नीलकंठ दिसावा असं वाटतं ना, मग तो तारेवर बसलेला पाहा. पिंजऱ्यात धरून दारोदार दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं असं पकडणं गुन्हा आहे, आणि कैद्याच्या दर्शनानं कसलं पुण्य?

त्याहून मोठी गोष्ट फवारणीची. २०१७च्या पावसाळ्याअखेरीस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. कितीजणांची दृष्टी अधू झाली. त्या दिवसांत प्रत्येक घरातली बाई नवरा शेतातून परत येईपर्यंत दाराशी उभी असायची. जे विष माणसाला सोडत नाही ते अळी खाणाऱ्या पाखराला सोडेल का? धोबी, गप्पीदास, थरथरा, सगळे किड्यांवर जगणारे. ते आपल्या वावरात फिरताना दिसले, म्हणजे तिथं खायला काही जिवंत उरलं आहे. आता आमचे शेतकरी मित्र आपापल्या शेतातल्या पाखरांची नोंद ठेवू लागलेत. कपाशीत पक्ष्यांना बसायला आडव्या काठ्या उभ्या केल्या, तर त्यांवर बसून ते अळ्या टिपतात. हे तर कृषी खात्याची माणसंही सांगतात. औषध लागलंच, तर तोंडाला फडकं, अंगात पूर्ण बाह्या आणि वाऱ्याच्या दिशेकडं पाठ, हे घरच्या बाईनं बजावून सांगायला हवं.

आता मैत्रिणींनो, सुरुवात कशी करायची ते सांगते. अडचण एकच, पाखरांची वेळ आणि डब्यांची वेळ एकच! सकाळी सहा ते आठ. आम्ही दोघींनी रविवार ठरवला. रात्रीच कणीक मळून ठेवायची, घरच्यांना चहा आपला आपण करायला सांगायचं. ते करतात, शिकतात. भडक लाल किंवा पांढरं पातळ नेसू नये. मातकट, हिरवट रंग बरा. बोलणं हळू. दुर्बीण नसली तरी चालते, आणि घ्यायचीच तर ८ बाय ४० पुरे होते. आमच्यात दोनच आहेत, पाळीपाळीनं फिरतात. वहीत तारीख, वेळ, जागा, किती होते आणि काय करत होते, एवढं लिहा. नाव नक्की माहीत नसेल तर रंग, चोच, शेपूट लिहा आणि नावाची जागा मोकळी सोडा. काही दिसलं नाही तर ‘काही नाही’ असंही लिहा. त्यालाही किंमत आहे.

नावं शिकायला मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ वाचनालयात मागा. वनखात्यात असताना नवेगाव-नागझिऱ्याकडच्या माणसांच्या तोंडची नावं त्यांनी गोळा केली, म्हणून ती आपल्या जिभेवर सहज बसतात. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. दिवाळीच्या पुढंमागंच येतो. मुलांना सुट्टी असेल तर सोबत न्या. थरथऱ्यासाठी तळंही लागत नाही. परसातली पडकी भिंत आणि थोडं थांबण्याची तयारी पुरते.